चुलीपाशी घडलेली सुधारणा

पेढीवर एक मुनीम वाढवावयाचा झाला तर त्याचे वेतन, त्याची बैठक आणि त्याच्याकडून घ्यावयाचे काम यांचा विचार धनी आठ दिवस आधी करितो. परंतु त्याच धन्याच्या घरी चार पाहुणे, दोन भाचे आणि एखादा निराश्रित विद्यार्थी महिनाभरासाठी येऊन उतरला, तर ती वार्ता घरच्या स्त्रीस बहुधा पाने मांडावयाच्या वेळी लागते. पीठ किती आहे, अंथरुणे पुरतील की नाही, तान्ह्या मुलाचे दूध कोणाच्या वाट्यास जाईल, हे प्रश्न तिने आपले आपण सोडवावे, आणि तेही मुखावर स्मित ठेवून, अशी आपली समजूत असते. पाहुणे तृप्त होऊन जातात. गावात धन्याच्या औदार्याचा लौकिक होतो. ज्या दोन हातांनी ते औदार्य शिजविले व वाढले त्यांचे नाव त्या लौकिकात येत नाही.

ही गोष्ट आम्हांस सुचली ती एका थोर गृहिणीचे चरित्र पुन्हा मनात आले म्हणून. कै. लक्ष्मीबाई टिळक यांचे नाव मराठी वाचकांस नवे नाही. फुलामुलांचे कवी म्हणून विख्यात असलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या त्या पत्नी, आणि स्मृतिचित्रे या आत्मचरित्राच्या कर्त्या. त्यांची गणना ग्रंथकर्त्यांत होते ती योग्यच आहे. परंतु लेखणी हाती येण्यापूर्वी आणि आल्यानंतरही त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग घर चालविण्यात आणि पोटच्या व परक्या मुलांस वाढविण्यात गेला. आज आम्ही त्या बाजूनेच त्यांच्याकडे पाहणार आहोत. कारण सामाजिक सुधारणा सभामंडपात बोलली जात असली तरी ती टिकते किंवा मोडते ती स्वयंपाकघरात, हा धडा त्यांच्या चरित्राइतका स्पष्टपणे दुसरीकडे क्वचितच आढळेल.

लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 साली नाशिकजवळच्या जलालपूर गावी गोखल्यांच्या घराण्यात झाला. माहेरचे त्यांचे नाव मनकर्णिका. त्यांच्या आईच्या वडिलांस 1857 च्या बंडाच्या धामधुमीत फाशी झाली. त्या घटनेचा त्यांच्या वडिलांच्या मनावर असा विलक्षण परिणाम झाला की, त्यांस सोवळ्याओवळ्याचे वेडच लागले. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याखेरीज घरात यावयाची नाही, कोणाचा स्पर्श झाला की पुन्हा स्नान, अशी शिस्त त्या घरात सुरू झाली. शुद्धतेचा हा आग्रह घरच्या पुरुषाचा. परंतु पाणी ओढावयाचे ते बायकांनी, थंडीत कुडकुडावयाचे ते मुलांनी, आणि चूक झाली म्हणजे बोलणी खावयाची तीही त्यांनीच. धर्माच्या नावाने घातलेला एखादा नियम घरच्या माणसांच्या अंगावर किती मणांचे ओझे होऊन बसतो, हे या मुलीने अक्षरओळख होण्यापूर्वीच पाहिले. पुढे स्वतः घरधनीण झाल्यावर तिच्या वागण्यात जो मोकळेपणा दिसतो त्याचे मूळ आम्हांस येथे वाटते.

वयाच्या अकराव्या वर्षाच्या सुमारास त्यांचे लग्न झाले. टिळक बुद्धिमान, कवी, परोपकारी. परंतु संसाराच्या दृष्टीने पाहता अत्यंत अस्थिर. मनात आले की घर सोडून निघावे, कोठे जातो हे सांगू नये, पुन्हा एके दिवशी येऊन उभे राहावे, असा त्यांचा क्रम. सासरे कडक स्वभावाचे. नवऱ्याच्या वागण्याबद्दलचा राग सुनेवर निघण्याची आपल्या घरांतील जुनी रीत तेथेही होती. पुढे नोकरीच्या व विद्येच्या निमित्ताने टिळक नागपूर, राजनांदगाव अशा ठिकाणी राहिले. प्रत्येक ठिकाणी नवी चूल, नवा शेजार, नवा वाणी. कित्येक दिवस माहेरी किंवा आप्तांच्या घरी काढावे लागत. या धावपळीत काही अपत्ये झाली आणि गेली. जगला तो 1891 साली जन्मलेला देवदत्त, म्हणजे घरातला दत्तू. मुलांचा मृत्यू हा त्या काळच्या घरांत इतका नित्याचा होता की त्याबद्दल फारसे बोललेही जात नसे. परंतु एकामागून एक मूल हातून गेलेल्या मातेने पुढे लोकांच्या मुलांस पदराखाली घ्यावे, याचा अर्थ ज्यांस घर आहे त्यांस सांगावयास नको.

याच संसारात एक चांगली गोष्टही घडत होती, ती येथे नमूद न करणे अन्यायाचे होईल. लक्ष्मीबाई शाळेत कधी गेल्या नाहीत. त्यांस वाचावयास टिळकांनी शिकविले. शिकविणारा उतावळा, शिकणारी कामात बुडालेली; तेव्हा हा अभ्यास सरळ मार्गाने चालला नाही. तथापि अक्षरे हाती आली. ज्या वयात आपल्याकडील पुष्कळ स्त्रिया आता काय शिकायचे असे म्हणून पाटी बाजूला ठेवीत, त्या वयात मिळालेली ही अक्षरे पुढे मराठी भाषेस केवढे धन देऊन गेली!

आता आम्ही अशा प्रसंगाकडे येतो की ज्याबद्दल सुधारकांनी आत्मपरीक्षण करणे अवश्य आहे. 10 फेब्रुवारी 1895 रोजी टिळकांनी मुंबईस ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांच्या श्रद्धेविषयी शंका घेण्याचा आमचा हेतू नाही; ती खरी होती, आणि तिच्यासाठी त्यांनी पुष्कळ सोसले. प्रश्न एवढाच की, ज्या निश्चयाने पत्नीचे सौभाग्य, तिची जात, तिचे माहेर, तिच्या मुलाचे भवितव्य ही सर्व एका दिवसात पालटणार होती, त्या निश्चयात तिला स्थान नव्हते. लक्ष्मीबाईंवर त्या बातमीचा आघात झाला तो वीज कोसळावी तसा. त्या आजारी पडल्या. मुलाला घेऊन आप्तांच्या आश्रयाने पंढरपुरादी ठिकाणी राहिल्या. चार वर्षांहून अधिक काळ पतिपत्नींचा सहवास तुटला. नवरा जिवंत असून नसल्यासारखा, लोकांची कीव आणि टोमणे एकाच ताटात वाढलेले, अशी ती स्थिती. याच काळात दुःख आवरेना तेव्हा त्यांच्या मुखातून कविता निघू लागली.

पुढे पतीचा ओढा अनावर होऊन त्या नगरास गेल्या. परंतु धर्मांतर करून नव्हे. आपली चूल वेगळी, आपले पाणी वेगळे, आपले सोवळे शाबूत, अशा रीतीने त्या राहू लागल्या. टिळकांनीही तेवढे स्वातंत्र्य त्यांस दिले, ही त्यांची मोठी गोष्ट. एका घरातील दोन माणसांनी दोन धर्म पाळीत एकमेकांवर प्रेम करावे, हे दृश्य त्या काळी लोकांस चमत्कारिक वाटले असेल. आम्हांस ते फार आदरणीय वाटते. राहुरीस असताना एके दिवशी वाटेतल्या दगडावर बसून विचार करिता करिता लक्ष्मीबाईंच्या मनाचा निर्णय झाला. माणसांतील हे उच्चनीच भेद देवाने केले नसून माणसांनीच केले आहेत, असे त्यांस स्वच्छ दिसले. आणि आता कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास आपण तयार आहोत असे त्यांनी ठरविले. 1900 साली राहुरीसच त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

वाचकांनी येथे थोडे थांबावे. धर्म कोणता बरा, हा वाद आम्ही येथे काढीत नाही, आणि तो या लेखाचा विषयही नव्हे. जातिभेद खोटा आहे, या निष्कर्षास पती ग्रंथांच्या, व्याख्यानांच्या आणि चर्चेच्या मार्गाने पोहोचला. पत्नी पोहोचली ती पाण्याच्या तांब्यापासून आणि भाकरीच्या तुकड्यापासून. नवऱ्याच्या मागून फरफटत जाऊन तिने हा विचार उचलला असता तर पहिल्याच अडचणीत तो गळून पडला असता. तिने तो आपल्या वेळेस, आपल्या बुद्धीने, आपल्या अनुभवातून काढला. म्हणून तो तिच्या हाताच्या कामात उतरला आणि मरेपर्यंत टिकला.

त्याची परीक्षा लागलीच झाली. 1899-1900 च्या भयंकर दुष्काळात गावेच्या गावे ओस पडली आणि आईबापांस मुकलेली मुले रस्त्यांवर दिसू लागली. टिळकांस दया आली की ती आवरत नसे. त्यांनी अशी मुले घरी आणावयास आरंभ केला. मुले निरनिराळ्या जातींची, उपाशी, आजारी, भेदरलेली. दया येणे ही क्षणाची गोष्ट. पण आणलेल्या प्रत्येक मुलाचे पुढे काय करावयाचे असते? त्याच्या डोक्यातील उवा काढावयाच्या, त्यास न्हाऊमाखू घालावयाचे, खरजेस औषध लावावयाचे. फार दिवस उपाशी असलेल्या मुलास एकदम पोटभर वाढणे घातक, म्हणून त्यास पातळ पेजेपासून हळूहळू अन्नावर आणावयाचे. रात्री किंचाळून उठणाऱ्यास जवळ घ्यावयाचे, आणि पहाटे पुन्हा जात्यावर बसावयाचे. जी स्त्री काही काळापूर्वीपर्यंत वेगळ्या चुलीवर सोवळ्याने शिजवीत होती, तिने आता या सर्वांस एका चुलीवर शिजवून एका पंक्तीस बसविले. अस्पृश्यतेवर शंभर व्याख्याने दिली तरी त्या एका पंक्तीची बरोबरी होणार नाही, असे आम्ही म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही.

टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे. मिशनच्या नोकरीतून मिळकत येई; परंतु कोणी गरजू दिसला की ती वाटेतच संपे. बाजारासाठी दिलेली रक्कम ठरलेल्या जिनसांवरच खर्च होईल असा भरवसा नसे. पाहुण्यांस तर गणतीच नव्हती. आमच्या व्यापारी वाचकांस हा हिशेब चटकन समजेल. जमेची बाजू अनिश्चित, खर्चाची बाजू एका माणसाच्या लहरीवर, आणि रोज संध्याकाळी पंक्तीची हुंडी मात्र चुकती करावयाचीच. अशी पेढी चालविणाऱ्या माणसास आपण काय म्हणू? लक्ष्मीबाईंनी ती वर्षानुवर्षे चालविली. त्या रागावत, भांडत, कधी नवऱ्याची फजितीही करीत. पण पंक्ती उठू दिल्या नाहीत. नवऱ्याचे दातृत्व त्यांनी कधी क्षुद्र मानले नाही. मात्र ते कोणाच्या श्रमांवर चालते, हे बोलून दाखविण्यास त्या भ्याल्या नाहीत. स्मृतिचित्रे वाचताना हसू येते ते याच ठिकाणी. आणि पुस्तक मिटल्यावर मन गंभीर होते तेही याच ठिकाणी.

मुलांच्या बाबतीत त्यांची रीत ध्यानात घेण्यासारखी आहे. त्यांच्या घरी दत्तू होता, पोटच्या लेकीप्रमाणे वाढविलेली तारा होती, आणि वेळोवेळी येऊन राहिलेली कितीतरी मुले होती. पुढे बालकवी म्हणून ज्यांची कीर्ती झाली ते त्र्यंबक बापूजी ठोमरे हेही त्यांतलेच. 1907 साली जळगावास कविसंमेलन झाले तेव्हा हा सतरा वर्षांचा मुलगा टिळकांच्या नजरेत भरला, आणि पुढे तो पुष्कळ दिवस टिळकांच्या घरचाच होऊन राहिला. मुलगा गुणी, तितकाच लहरी. अशा मुलास काव्याचे मार्ग टिळकांनी दाखविले असतील. परंतु त्याच्या जेवणाखाणाची, रुसव्याफुगव्याची काळजी लक्ष्मीबाईंकडे होती. मराठी काव्यातील त्या कोवळ्या कळीस पाणी कोणी घातले याचा विचार करिताना या माऊलीचे स्मरण ठेविले पाहिजे. 1918 साली बालकवी आगगाडीच्या अपघातात अकाली वारले, तेव्हा त्या घरातील एक मूल गेले, असेच म्हटले पाहिजे.

घर सांभाळणारी स्त्री घराबाहेर निरुपयोगी असते, हा भ्रमही या चरित्राने दूर होतो. नगरास प्लेगचा कहर झाला तेव्हा लक्ष्मीबाईंनी छावणीत राहून रोग्यांची शुश्रूषा केली. तेथे ज्या गुणांची गरज होती, म्हणजे किळस न करणे, जागरण सोसणे, थोडक्या सामानात पुष्कळांचे भागविणे आणि मरणाच्या सावलीतही हसते बोलणे, ते गुण त्यांनी कोणत्या शाळेत मिळविले होते? ज्यास आपण रांधावाढा म्हणून हिणवितो त्या शाळेतच.

1917 साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडून संन्यस्त वृत्ती धरली. पुन्हा एकदा एकाच्या वैराग्याचा खर्च दुसऱ्याच्या संसारावर पडला. 9 मे 1919 रोजी टिळक मुंबईस निवर्तले. त्यानंतरची सतरा वर्षे लक्ष्मीबाईंनी रडत काढली नाहीत. टिळकांनी ख्रिस्तायन हे महाकाव्य आरंभून थोडक्या अध्यायांवर सोडले होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईंनी उरलेले अध्याय रचून ते पुरे केले. मुलगा, सून, नातवंडे यांच्या घरात त्या राहिल्या, काही काळ दूर कराचीसही होत्या. आणि त्या गलबल्यातच त्यांच्या आठवणी कागदावर उतरल्या. स्मृतिचित्रांचा पहिला भाग 1934 साली ग्रंथरूपाने निघाला, आणि 24 फेब्रुवारी 1936 रोजी त्यांनी देह ठेविला. घरात बोलावे तसे त्यांनी लिहिले; आणि त्या बोलण्यास मराठी वाङ्मयात अढळ स्थान मिळाले.

या चरित्रावर दोन आक्षेप येण्याचा संभव आहे. पहिला असा की, लक्ष्मीबाई असामान्य होत्या. सर्व स्त्रियांस त्यांचे उदाहरण कसे लागू पडावे? उत्तर असे की, त्यांची प्रतिभा असामान्य होती खरी, परंतु त्यांचे काम सामान्य होते. दळण, कांडण, पाणी, दुखणेबाणे, पाहुणे, मुलांची भांडणे, हे सर्व घरोघर होतेच. फरक इतकाच की, इतर घरांतील ते श्रम लिहून ठेवणारे कोणी नव्हते. एका घराची वही आपणांस वाचावयास मिळाली म्हणून बाकीच्या घरांत खर्च झालाच नाही, असे कोणता व्यापारी म्हणेल?

दुसरा आक्षेप असा की, स्त्रीस दरेक गोष्ट विचारू लागल्यास घरात दोन मते होऊन कलह वाढेल. टिळकांच्या घराचेच उदाहरण पाहा. तेथे कलह झाला तो विचारल्यामुळे की न विचारल्यामुळे? 1895 साली न विचारता केलेल्या एका कृत्याने दोन जीव आणि एक मूल यांची चार वर्षे होरपळली. उलट, वेगळ्या चुलीची मोकळीक देऊन तिच्या बुद्धीची वाट पाहिली तेव्हा तीच स्त्री सर्वांत भक्कम सोबतीण ठरली. घाईने लादलेल्या सुधारणेपेक्षा वाट पाहून मिळालेली संमती अधिक टिकाऊ असते, हा व्यवहार ज्यांस बाजारात कळतो त्यांस तो घरात का कळू नये?

जाते जाऊन गिरणी आली, आडाच्या जागी नळ आला, सरपणाच्या जागी गॅस आला. घरकामाची पुष्कळ अंगमेहनत कमी झाली हे आम्ही आनंदाने मान्य करितो. परंतु यंत्राने भाकरी लवकर होते, पाहुणा कधी आणावा हे यंत्र ठरवीत नाही. मुलाचे दुखणे कोणी जागून काढावे, म्हातारीचे पथ्य कोणी सांभाळावे, सणाचे सामान कोणाच्या ध्यानात असावे, हे ओझे अजून बहुतेक घरांत एकाच माणसाच्या डोक्यावर आहे. ते अदृश्य असते, म्हणून त्याचे मोल होत नाही.

आमची सूचना फार मोठी नाही. ज्यांच्या घरात माणसे पुष्कळ आणि मुले पुष्कळ आहेत, त्यांनी महिन्याच्या आरंभी घरच्या स्त्रीबरोबर हिशेबास बसावे. जमा किती, देणे किती, कोण येणार, कोण आजारी आहे, हे एकत्र पाहावे. आणि घरखर्चाची रक्कम तिच्या हाती तिच्या अधिकाराने असावी, मागून घेतलेल्या भिक्षेसारखी नसावी. दान करावयाचे तर दोघांच्या विचाराने करावे. मुलग्यांस पाणी भरावयास, ताटे उचलावयास, धाकट्यांस खेळवावयास आणि दुखणाइतापाशी बसावयास लावावे. घरातील काम हे बहिणीचे असते अशी समजूत लहानपणी झाली की ती पुढे कोणत्याही पदवीने जात नाही. आणि घरच्या स्त्रीस दिवसातून थोडा तरी वेळ असा मिळावा की ज्यावर कोणाचाही हक्क नाही. त्या वेळेत ती वाचील, लिहील, किंवा नुसती स्वस्थ बसेल. ते तिने ठरवावे.

लक्ष्मीबाईंस असा वेळ मागून मिळाला नाही, तो त्यांनी आयुष्याच्या झटापटीतून ओरबाडून काढला, आणि तेवढ्यातून आपल्या भाषेस एक अमोल ग्रंथ मिळाला. आपल्या घरोघरच्या चुलींपाशी असे किती ग्रंथ न लिहिताच विझले असतील, याचा विचार प्रत्येकाने आज जेवावयास बसताना करावा. आणि उठताना आपले ताट आपण उचलावे.